गटचर्चा : वाद, जल्प आणि वितंडा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन विद्यार्थी थांबले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं : ‘सर, प्रवेशाच्या ग्रुप डिस्कशनमध्ये आम्हाला बोलायलाच मिळत नाही. काय करावं?’ तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे कशाला विचारता, असं मला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, की आपल्या नैयायिकांनी नेमका याच प्रश्नावर भरपूर विचार करून ठेवलाय. तेव्हा आज तेवढंच बोलू.

आधी हिशोब करा. गटात दहा जण आणि वेळ पंधरा मिनिटं. वाट्याला आलं दीड मिनिट. बस्स! दीड मिनिटात कुणी विद्वत्ता दाखवू शकत नाही, आणि परीक्षकांना ती बघायचीही नसते. ज्ञान तपासायला लेखी परीक्षा असतेच की. मग दहा अनोळखी मुलांना एका टेबलाभोवती बसवतात कशाला?

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडतं. ब्रिटिश सैन्याला अधिकारी निवडायचे होते. 1942 साली तिथं निवड मंडळं सुरू झाली आणि त्यांत विल्फ्रेड बायन नावाचा मनोविकारतज्ज्ञ होता. त्यानं उमेदवारांचा गट केला, त्यांना काम दिलं, पण नेता नेमला नाही. पुढारीपण कोण घेतो एवढंच त्याला पाहायचं होतं, असं आपण समजतो. तसं नाही. प्रत्येक उमेदवाराला स्वतःची निवड व्हायला हवी असते आणि काम मात्र सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय होत नाही. या ओढाताणीत माणूस इतरांशी कसा वागतो, हे बायनला बघायचं होतं. आपल्याकडे सैन्यदलांसाठी सेवा निवड मंडळाची जी परीक्षा होते, तिच्यातल्या गटचाचण्या याच घराण्यातल्या. तिथल्या गटचर्चेतही अध्यक्ष नसतो.

आता न्यायसूत्रांकडे वळू. तिथं चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य काय ते ठरवण्यासाठी, प्रमाणं आणि तर्क घेऊन दोन्ही बाजूंनी होते तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही जो होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच मांडायची नाही, फक्त समोरच्याचं खोडत बसायचं, ती वितंडा. गंमत बघा, मराठीत आपण ‘वाद’ हा शब्द भांडणासाठी वापरायला लागलो. वादाचं मूळ काम त्यामुळे आपण विसरलो की काय, कोण जाणे.

गटचर्चा म्हणजे जल्प, अशी समजूत करून घेऊन मुलं येतात. चार वाक्यं पाठ करून आणतात, पहिलं कोण बोलणार यावर झटापट होते. सुरुवात करणाऱ्याला गुण जास्त, असं कुठल्याशा क्लासनं सांगितलेलं असतं! सुरुवात जरूर करा, पण विषयाची फोड करता येत असेल तर. नुसती व्याख्या सांगायची असेल तर थांबा.

नैयायिकांनी पराभवाच्या बावीस जागा मोजल्यात, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. तीच गोष्ट पुन्हा सांगणं हे एक. विषय सोडून भलतीकडे जाणं हे दुसरं. काहीतरी काम निघालं म्हणून चर्चाच मोडणं, हेही आहे बरं का! मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते अननुभाषण. समोरच्यानं आपलं म्हणणं तीनदा मांडलं, सभेला ते कळलं, तरी तुम्हाला ते आपल्या तोंडानं सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात. उत्तर देण्याची गोष्ट त्यानंतरची.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं समजू नका. वीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेच्या प्रवेशासाठी मी परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता, शहराच्या मध्यभागात खासगी गाड्यांना बंदी असावी का. एक मुलगा सात-आठ वेळा बोलला, खणखणीत आवाजात. एक मुलगी दोनदाच. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ‘बंदी हवी म्हणणारे धुराबद्दल बोलतायत, नको म्हणणारे रात्री दवाखान्यात पोचण्याबद्दल. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीतच. मग बंदीच्या वेळा ठरवता येतील का?’ चर्चा तिथून पुढं सरकली. आमच्या कागदावर ‘नेतृत्व’ नावाचा रकाना होता. मी मुलाला नऊ दिले, मुलीला पाच. तिला प्रवेश मिळाला नाही.

पुढं वर्गात वाद आणि जल्प शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभा होतो आणि ते पाच गुण आठवले. आयुष्यभर जे शिकवलं, ते समोर घडत असताना मला ओळखता आलं नव्हतं. सही माझीच होती.

तेव्हा, सगळे परीक्षक नीट ऐकतात अशी हमी मी तुम्हाला देणार नाही. म्हणून तिनं केलं तेच करा, पण जरा लवकर आणि जरा मोठ्यानं. पहिल्या चार-पाच मिनिटांत एकदा बोललंच पाहिजे. त्यानंतर घसा धरतो. गलका चालू असेल तर कुणाचं तरी नाव घ्या किंवा त्याचा मुद्दा घ्या : ‘तुम्ही खर्चाचं म्हणालात, त्याला जोडून...’ आपलं नाव ऐकलं की माणूस थांबतो. आणि इंग्रजीची धास्ती असेल तर वाक्यं लहान ठेवा. आठ-दहा शब्दांचं सरळ वाक्य चुकत नाही.

भीतीबद्दल चरकसंहितेत, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, फार चांगलं सांगितलंय. वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, हा तिथला विषय. स्नेहानं होणारी ती संधायसंभाषा, भांडून होणारी ती विगृह्यसंभाषा. पहिल्या प्रकारात हरण्याच्या भीतीनं बिचकू नये, आणि समोरचा हरला तर हुरळूनही जाऊ नये, असं आहे. वैद्यकाच्या ग्रंथात हे यावं याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

सराव घरीच होतो. पाच-सहा जण जमा, आणि एकच नियम ठेवा : आधीच्या बोलणाऱ्याचं म्हणणं, तो ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत सांगायचं, मगच आपलं बोलायचं. आमच्या घरी एकदा जेवणाच्या टेबलावर हा नियम लावून पाहिला. आमटी गार झाली, पण पहिला ‘हो’ काही आला नाही.