एका प्लॉटची वाईन

एकाच गटात दोन प्लॉट, पाणी एका विहिरीचं, गोडी छाटणीही एकाच आठवड्यातली, तरी माल सारखा येत नाही, हे आम्हा निफाडकडच्या बागायतदारांना पाठ असतं. एकीकडे मणी फुगतो, दुसरीकडे साखर आधी भरते. व्यापाऱ्याच्या गाडीत चढला की सगळा माल एकच होतो. हा फरक जपून बाटलीत भरणारं एक शेतकरी कुटुंब अमेरिकेत ओरेगन राज्यात आहे. त्यांच्या वायनरीचं नाव एरी. एकाच बागेच्या द्राक्षांपासून केलेल्या वाईनला 'सिंगल व्हिनयार्ड' म्हणतात.

या कुटुंबातले डेव्हिड लेट 1965 साली पिनो न्वार या द्राक्षाच्या काड्या घेऊन कॅलिफोर्नियातून ओरेगनला आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी डंडीच्या टेकड्यांवर बाग लावली. तिथल्या थंडी-पावसात हे द्राक्ष पिकणार नाही, असं त्यांना त्यांच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. भीती खोटी नव्हती. पिनोची साल पातळ, घड इतका गच्च की मण्यांमधून वारा खेळत नाही. काढणीच्या तोंडावर पाऊस आला तर घड आतून सडतो. पण उन्हाळा सौम्य असेल तर हेच द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो आणि सुवास उतरतो. आमच्या नाशिकच्या उन्हात साखर झपाट्याने चढते, म्हणून पिनो इकडे रमत नाही. साल पातळ असल्यामुळे वाईनला रंग आणि तुरटपणा बेताचाच येतो. त्यामागे काही लपत नाही, म्हणून जमिनीचा फरक पिनोमध्ये लगेच कळतो.

डंडीची माती लाल. तीही आपल्या काळ्या मातीसारखी बेसॉल्ट झिजून झालेली, हे समजल्यावर मला फार आनंद झाला. हिवाळ्याचा पाऊस ती धरून ठेवते आणि लेट कुटुंब बागेला पाणीच देत नाही. आम्ही द्राक्षाचं कलम डॉगरिज नावाच्या वेगळ्या वेलाच्या खुंटावर करतो. लेट यांचे मूळ वेल मात्र स्वतःच्या मुळांवर उभे राहिले. फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आली की असे वेल हळूहळू जातात. त्या जुन्या वेलांची मला खरंच काळजी वाटते.

या बागेतल्या 'साउथ ब्लॉक' नावाच्या तुकड्याची 1975 सालची वाईन 1979 मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत गेली आणि नामांकित फ्रेंच वाईनच्या रांगेत बसली. बरगंडी म्हणजे पिनोचं माहेर. तिथले नावाजलेले वाईन व्यापारी रोबेर ड्रुअँ यांनी पुढच्या वर्षी बरगंडीतल्या बोन गावात पुन्हा चाचणी घेतली. ओरेगनची वाईन दुसरी आली. पहिल्या आलेल्या 1959 च्या शाँबोल-म्युझिनी या बरगंडीच्या वाईनपेक्षा जेमतेम दोन दशांश गुणांनी मागे. 1987 मध्ये ड्रुअँ कुटुंबानेच डंडीत जमीन घेतली. यापेक्षा मोठी पावती कुठल्या बागायतदाराला मिळणार?

डेव्हिड 2008 मध्ये गेले. मुलगा जेसन आता वायनरी सांभाळतो. एरी, सिस्टर्स, आउटक्रॉप, रोलंड ग्रीन आणि डॅफ्नी या घरच्या बागांची पिनो तो वेगवेगळी भरतो. वाईन करणारे हात तेच, त्यामुळे चवीत उरतो तो बागेचा फरक. कधी संधी मिळाली तर एकाच सालच्या दोन बागांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखा. एकट्या बाटलीवरून हा फरक कळणं कठीण आहे.