वापरणाऱ्याचे चार हक्क

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण ३० अँटेनांनी आकाश टिपते. प्रत्येक अँटेनाचा व्यास ४५ मीटर. टिपलेल्या संकेतांतून चित्र उभे करण्यासाठी संशोधक ‘एआयपीएस’ आणि ‘कासा’ ही सॉफ्टवेअर वापरतात. दोन्ही मुक्त आहेत.

मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. फुकट मिळालेले अ‍ॅपही आत काय चालते ते लपवू शकते. १९८३मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीने वापरणाऱ्याचे चार हक्क मांडले: सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवणे, त्याचा कोड अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि सुधारलेली आवृत्तीही वाटणे. मूळ कोड हाती नसेल, तर दुसरा आणि चौथा हक्क नावापुरताच उरतो.

विज्ञानाला हे हक्क हवेतच. आकडेमोड कशी झाली हे दिसले, तरच निष्कर्ष पडताळता येतो. आंबेगावच्या घाटमाथ्यावरील आहुपे गावातल्या मुलांनाही त्यांचा तितकाच उपयोग आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिक्षकांना कितीही संगणकांवर बसवता येते, मराठीत आणता येते, शेजारच्या शाळेला देता येते. शाळेसाठी सॉफ्टवेअर निवडताना किमतीआधी हे चार हक्क तपासावेत.