पोगरवाडीचे कर्नल महाडिक

आम्हा बेळगावकरांना मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिगुलाची लहानपणापासून सवय. या रेजिमेंटशी नातं असलेलं कुणी गेलं, की घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटतं. कर्नल संतोष महाडिक त्यांपैकीच एक.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचा हा मुलगा सातारच्या सैनिक शाळेत शिकला आणि पुढे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी झाला. ही तुकडी मूळची मराठा लाइट इन्फंट्रीचीच पलटण. २००३ मध्ये त्यांना सेना पदक मिळालं. नंतर काश्मीरमध्ये कुपवाड्याला ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी तिथल्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर शौर्य चक्रानं त्यांचा गौरव झाला.

पोगरवाडीत लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर हजर होते. अशा वेळी जवान शस्त्रं उलटी धरतात, हवेत फैरी झडतात, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतो. तिरंगा मात्र चितेवर जात नाही. घडी घालून तो घरच्यांच्या हाती देतात. मला तोच क्षण सगळ्यांत जड वाटतो. फैरी थांबतात, गर्दी पांगते, घडी घरात राहते.

त्यांच्या पत्नी स्वातीताई दोन लहान मुलांची आई. वयाची अट खास शिथिल झाल्यावर त्यांनी चेन्नईच्या अकादमीत खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. पतीची वर्दी त्यांनी अशी पुढे नेली.