ऊस एकीकडे, कोयता दुसरीकडे

दिवाळी सरली की तिसगावच्या रस्त्यावर दोन तऱ्हेच्या गाड्या दिसू लागतात. एकीत ऊस असतो. ती आदिनाथनगरच्या वृद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याकडे निघालेली. दुसरीत माणसं. नवरा-बायको, लेकरं, एखादी शेळी, भांडीकुंडी आणि खोपीसाठी गुंडाळलेली ताडपत्री. ती परमुलखातल्या कारखान्याकडे निघालेली. पाथर्डी तालुक्यात कारखाना आहे आणि याच तालुक्यातून ऊसतोडीला माणसं बाहेर जातात.

कारण पाणी. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं शेपूट तालुक्याच्या थोड्या भागाला लागतं, बाकी शिवार पावसाच्या भरवशावर. पाणी असलेला कारखान्याला ऊस विकतो, नसलेला अंगमेहनत विकतो. आणि ती कुठं विकायची हे कारखाना किती जवळ आहे यावर नव्हे, मुकादम देतो त्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर ठरतं.

ऊस तोडला की तासागणिक वाळतो, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणून साखर कारखाना शहरात नेता येत नाही, त्याला उसाजवळच बसावं लागतं. याच नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्यानं 1950 साली पहिलं गाळप केलं, तेव्हापासून नगरची गावं साखरेभोवती वाढली. रस्ते, शाळा, दवाखाने, पतसंस्था आणि अर्थातच राजकारण.

पैशाची चाल मात्र गावोगाव वेगळी. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलमागे 355 रुपये होती, म्हणजे टनाला 3,550. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. कायदा असूनही थकबाकीसाठी आंदोलनं होतात, ते सांगायला नको. हा पैसा एकदम येतो आणि सोसायटीचं कर्ज, लग्न, पाइपलाइन यांत एकदम जातो. किराणा दुकान चालतं ते दुधाच्या पगारावर. दहा दिवसांनी येणारी ही रक्कम थोडी असते, पण बाराही महिने येते. माझ्या मते बाजारपेठेला खरा आधार दुधाचाच. तोडीच्या दिवसांत उसाचे वाढे जनावरांना मिळतात, एवढा दोन्ही धंद्यांचा सांधा.

कापसाचं निराळंच. जिनिंगमध्ये सरकी वेगळी निघते आणि पेंड होऊन गोठ्यात परत येते. रुई गाठी बांधून दूर जाते, आणि सुताचा नफाही तिकडेच राहतो.

आता कोयत्याचा हिशेब. जोडप्याला एकच कोयता धरतात. बाईचे कष्ट त्यातच मोजलेले. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला साधारण 366 रुपये झाला. एक लाखाची उचल घेतलेल्या जोडप्याला ती फेडायलाच सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तरी साडेचार महिने. एवढा लांब हंगाम दरवर्षी चालत नाही. मग उरलेली बाकी पुढच्या सालावर चढते आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच गाडी.

यातून सुटायचं तर कारखान्याला आणखी एक बॉयलर बसवून भागणार नाही. कमी पाण्यात येणारी तूर, बाजरी, कांदा, लिंबू यांवर प्रक्रिया करणारे छोटे धंदे या पट्ट्यात उभे राहायला हवेत. ते पाण्यामागे धावत नाहीत. डाळमिल टाकायला कालव्याचं शेपूट लागत नाही.

होळीपासून शेजारच्या मढीत कानिफनाथांची यात्रा सुरू होते, गाढवांचा मोठा बाजार भरतो. त्याच सुमारास एकेका कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि कोयते माघारी येऊ लागतात. त्या दिवसांत रात्री या रस्त्यानं जाणार असाल, तर गाडी सावकाश चालवा. पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही, आणि संसारावर लेकरं झोपलेली असतात.