उत्तराचीही सही तपासा

विमा कंपनीचा संगणक बँकेच्या संगणकाला कळवतो, की अमुक खात्यातून अमुक रकमेचा हप्ता वळता करा. बँकेचा संगणक ते काम उरकतो आणि उलट उत्तर धाडतो. मध्ये माणूस कुठेच नसतो. यातला विचारणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. बँका, विमा, विमानसेवा, सरकारी खाती अशा ठिकाणी तो पुष्कळदा जावात लिहिलेला असतो आणि त्याचा संदेश ‘सोप’ नावाच्या ठरीव एक्सएमएल साच्यात जातो. सोपची १.१ आवृत्ती २००० साली आली, १.२ ला डब्ल्यूथ्रीसीने २००३ मध्ये मान्यता दिली. नवी कामं आता जेसनवर होतात, पण पैशाशी बांधलेल्या जुन्या यंत्रणा कोणी सहजासहजी मोडत नाही. पुण्या-मुंबईतले कितीतरी इंजिनिअर आजही त्याच सांभाळतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

‘आमचं सगळं एचटीटीपीएसवर आहे’, हे वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं. ते चूक नाही, अपुरं आहे. एचटीटीपीएस म्हणजे रोकड नेणारी बंदोबस्तातली व्हॅन. वाटेत लूट होणार नाही, पण व्हॅन थांबली की थैली उतरते आणि पुढे ती हातोहात जाते. मोठ्या संस्थांमध्ये एचटीटीपीएसचा पल्ला बहुधा दारातल्या गेटवेवरच संपतो. तिथून आतल्या सर्व्हरपर्यंत संदेश अनेक यंत्रांमधून उघडा फिरू शकतो. शिवाय सहा महिन्यांनी वाद उभा राहिला, की ‘हा आदेश तुम्हीच दिला होता’, तर बंद झालेल्या जोडणीतून पुरावा काहीच उरत नाही. सही संदेशावरच असेल तर तो संदेश जपून ठेवता येतो आणि कधीही पडताळता येतो.

याच गरजेतून डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे मानक आलं. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि व्हेरिसाइन यांनी २००२ मध्ये मसुदा मांडला, ओएसिस या संस्थेने २००४ मध्ये तो मानक म्हणून स्वीकारला, २००६ मध्ये १.१ आवृत्ती आली. संदेशाच्या हेडरमध्ये ओळख, वेळेचा शिक्का आणि डिजिटल सही कशी ठेवायची, मजकूर कसा सांकेतिक करायचा, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. आपल्याकडे आधार पडताळणीचा संदेश सोप नसला तरी विचार हाच आहे. बोटांच्या ठशांची माहिती एईएसच्या २५६ बिटी किल्लीने बंद होते, ती किल्ली पुन्हा आधार प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीने बंद होते, आणि पूर्ण संदेशावर डिजिटल सही होते. मधल्या संस्था तो पुढे पाठवतात, पण आतली माहिती त्यांना वाचता येत नाही.

जावात हे काम कुठे होतं? सोप संदेश हाताळणारी जॅक्स-डब्ल्यूएस ही सुविधा डिसेंबर २००६ च्या जावा ६ पासून जेडीकेमध्येच मिळायची. जावा ११ मध्ये, सप्टेंबर २०१८ ला, ती काढून टाकली, आणि आवृत्ती बदलणाऱ्यांना ती लायब्ररी वेगळी जोडावी लागली. तिच्यातली कळीची गोष्ट म्हणजे हँडलर. क्लायंटने पाठवलेला प्रत्येक संदेश बाहेर पडण्याआधी हँडलरांच्या साखळीतून जातो, आणि आलेलं उत्तर त्याच साखळीतून उलट्या क्रमाने आत येतं. हेडर जोडायचं, सही करायची, लॉग लिहायचा, ते इथे.

या क्रमातच सगळी मेख आहे. समजा, साखळीत आधी सहीचा हँडलर ठेवला आणि त्याच्यामागे लॉगचा. लॉग नीट वाचता यावा म्हणून दुसऱ्याने एक्सएमएल ओळी पाडून, समास सोडून मांडलं आणि तेच पुढे जाऊ दिलं. माणसाच्या डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. पण सही करण्याआधी एक्सएमएलला प्रमाणित रूप दिलं जातं तेव्हा गुणधर्मांचा क्रम किंवा अवतरणचिन्हांचा प्रकार सारखा केला जातो. दोन घटकांमधली मोकळी जागा मात्र मजकूर म्हणून तशीच राहते. म्हणजे नव्या ओळींनी सहीखालचा मजकूर बदलला. समोरचा सर्व्हर ‘सही जुळत नाही’ म्हणून संदेश परत करतो, आणि इकडे टीम सर्टिफिकेटच्या मागे लागून दिवस घालवते.

म्हणून सहीचा हँडलर यादीत शेवटी हवा. तो जाताना सर्वांत शेवटी चालतो, त्यामुळे सहीनंतर संदेशाला कोणी हात लावत नाही. येताना तोच सर्वांत आधी चालतो, त्यामुळे न तपासलेलं उत्तर दुसऱ्या कोणाच्या हाती पडत नाही. एकाच जागेने दोन्ही कामं साधतात. याचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवायला हवा. आता लॉगच्या हँडलरला दोन्ही वेळा उघडा मजकूर दिसतो. पॅन, आधार क्रमांक, पासवर्ड, खाते क्रमांक लॉगमध्ये जाण्याआधी झाकलेच पाहिजेत. संदेश सांकेतिक करून त्याची उघडी प्रत सर्व्हरवरच्या फाइलमध्ये महिनोन्‌महिने ठेवायची, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

वेळेचा शिक्का हे आपल्या देशातलं खास दुखणं. शिक्क्यात यूटीसी वेळ द्यायची असते आणि तिच्या शेवटी झेड हे अक्षर येतं. कोणी भारतीय वेळ घेऊन नुसतं झेड चिकटवलं, तर संदेश साडेपाच तास भविष्यातून आल्यासारखा दिसतो. अपाचेच्या डब्ल्यूएसएसफोरजे लायब्ररीत मूळ मर्यादा अशी, की संदेश पाच मिनिटांहून जुना चालत नाही आणि एका मिनिटाहून जास्त पुढचाही चालत नाही. मग वैतागून मर्यादाच सहा तासांवर नेली जाते, आणि पकडलेला जुना संदेश पुन्हा पाठवू पाहणाऱ्याला सहा तास मोकळे मिळतात. उपाय साधा आहे: वेळ जावाच्या इन्स्टंट या क्लासकडून घ्यावी आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने जुळतं ठेवावं.

पासवर्ड उघडा न पाठवता त्याचा डायजेस्ट पाठवायची सोयही मानकात आहे. नॉन्स म्हणजे एकदाच वापरायचा यादृच्छिक आकडा, त्याला तयार केल्याची वेळ, त्याला पासवर्ड जोडून शा-१ काढायचा आणि तो बेस६४ मध्ये लिहायचा. इथे हमखास होणारी चूक अशी, की नॉन्सचे मूळ बाइट घेण्याऐवजी त्याचं बेस६४ रूपच जोडलं जातं, आणि डायजेस्ट कधीच जुळत नाही. तो जुळला तरी समाधान मानू नये. वाटेत डायजेस्ट टिपणारा माणूस घरी बसून पासवर्डचे अंदाज लावत बसू शकतो, आणि सर्व्हरलाही पासवर्ड मूळ रूपात किंवा त्याला समतुल्य रूपात बाळगावा लागतो. एचटीटीपीएस खाली हवंच, आणि शक्य असेल तिथे सर्टिफिकेटची सही बरी.

इथवर पाठवण्याचं झालं. माझी खरी तळमळ उत्तराबद्दल आहे. जाणाऱ्या संदेशाची काळजी घ्यावीच लागते, कारण ती घेतली नाही तर समोरचा तो नाकारतो. उत्तर मात्र न तपासताही प्रोग्रॅम सुरळीत चालतो. म्हणून तपासणी राहून जाते.

उत्तरात सहीचं हेडर असतं आणि त्यावर बहुधा ‘मस्ट अंडरस्टँड’ अशी खूण असते. तिचा अर्थ, हे हेडर समजत नसेल तर संदेश स्वीकारू नका. क्लायंटमध्ये ते हाताळणारं कोणी नसेल तर जावा तिथेच चूक दाखवते. जावाने केलेलं हे बरोबरच असतं. पण डेडलाइन जवळ आलेली असते, म्हणून हँडलरच्या गेटहेडर्स या मेथडमध्ये त्या हेडरचं नाव टाकलं जातं. याचा अर्थ, ‘हे मला समजतं.’ चूक गायब होते, काम पुढे सरकतं. सही मात्र कोणीच तपासलेली नसते. प्रोग्रॅमने समोरच्याला दिलेली ही खोटी हमी आहे, आणि ती पुढे कुठल्याही चाचणीत आपणहून उघडी पडत नाही.

दुसरी अशीच पळवाट सर्टिफिकेटच्या बाबतीत आहे. ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ ही ओळ न पाहिलेला जावा प्रोग्रॅमर विरळा. की-टूलने योग्य सर्टिफिकेट ट्रस्टस्टोअरमध्ये घालायला काही मिनिटं पुरतात. तरी काही जण समोर येईल त्यावर विश्वास ठेवणारा रिकामा ट्रस्टमॅनेजर लिहून मोकळे होतात, आणि तोच कोड प्रॉडक्शनमध्ये जातो. यात फक्त नवशिके असतात असंही नाही. टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की ॲमेझॉन ईसीटूची जावा लायब्ररी, अपाचे ॲक्सिस अशा नामांकित गोष्टींमध्येही सर्टिफिकेटची तपासणी मोडकी होती.

आणि सही तपासली, ती बरोबर निघाली, तरीही फसता येतं. आयबीएमच्या मायकेल मॅकिंटॉश आणि पॉला ऑस्टेल यांनी २००५ मध्ये असा एक हल्ला मांडला. सही संदेशातल्या भागाकडे त्याच्या आयडीने बोट दाखवते. हल्लेखोर सही केलेला मूळ भाग उचलून हेडरमध्ये कोपऱ्यात ठेवतो आणि त्याच्या जागी स्वतःचा बनावट मजकूर बसवतो. तपासणारा कोड आयडी शोधतो, मूळ भाग जसाच्या तसा सापडतो, सही जुळते. पैशाचं काम करणारा कोड मात्र नेहमीच्या जागी बघतो आणि बनावट मजकूर वाचतो. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये याच प्रकाराने ॲमेझॉन ईसीटू आणि युकॅलिप्टसच्या सोप सेवा फसवता येतात हे सिद्ध केलं. म्हणून ‘सही बरोबर आहे का’ एवढं विचारून भागत नाही. जो भाग मी वाचणार आहे, त्याच भागावर ही सही आहे का, हे विचारायला हवं.

हे सगळं हाताने लिहू नका, असं मी कळकळीने सांगेन. अपाचे सीएक्सएफसोबत डब्ल्यूएसएसफोरजे किंवा मेट्रो वापरा, त्यांच्या आवृत्त्या अद्ययावत ठेवा, आणि कुठल्या भागांवर सही असलीच पाहिजे ते धोरणात स्पष्ट लिहा. आलेलं एक्सएमएल वाचणाऱ्या पार्सरमध्ये डीटीडी बंद करा, नाहीतर उत्तरातूनच तुमच्या सर्व्हरवरच्या फाइली वाचल्या जाऊ शकतात. खाजगी किल्ली की-स्टोअरमध्ये असावी आणि त्याचा पासवर्ड गिटमध्ये नसावा.

आणि एवढी एक चाचणी जरूर करा. टेस्ट सर्व्हरकडून आलेलं सही असलेलं उत्तर घ्या, रकमेतला एक आकडा बदला आणि ते तुमच्या क्लायंटला द्या. मग तेच उत्तर सहीचं हेडर पूर्ण काढून द्या. दोन्हीपैकी एकही स्वीकारलं गेलं, तर सोमवारी सकाळी बाकी सगळी कामं बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा.