घड्याळात ब्राउझर नसतो

जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा, ती ब्राउझरबाहेर चालत नाही, असा समज सर्रास आढळतो. मग ‘बँगल.जेएस २’ हे मनगटी घड्याळ तिच्यावर चालतं म्हटलं, की आत छोटा ब्राउझर असणार असं वाटतं. तसं नाही. पेटी नाट्यगृहात वाजते तशीच देवळातल्या भजनातही. भाषेला हवा फक्त इंटरप्रिटर (लिहिलेल्या आज्ञा वाचून तिथल्या तिथे अमलात आणणारा प्रोग्राम). गॉर्डन विल्यम्स यांचा ‘एस्प्रुइनो’ हा तसा इंटरप्रिटर. या घड्याळाच्या २५६ किलोबाइट रॅममध्ये त्याचं भागतं. प्रोटोटाइप (कल्पना पडताळण्यापुरता कच्चा नमुना) करताना खरी सोय कळते: कंपनाची एक ओळ बदलून ब्लूटूथने पाठवली, की घड्याळ लगेच थरथरतं. वेग मात्र कमी; त्यामुळे विक्रीच्या उपकरणांत बहुधा सी भाषाच वापरतात.