संमीलन-यंत्रातील टंगस्टन : बळ आणि उष्णता

ड्यूटेरियम व ट्रिटियम ह्यांच्या अणुकेंद्रांचे संमीलन झाले म्हणजे हीलियमचे अणुकेंद्र आणि १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन निर्माण होतो. ही क्रिया ज्या तप्त आयनद्रायूत, म्हणजे प्लाझ्मात, घडते तो चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवता येतो. तथापि त्यातून निसटणारी उष्णता व कण ह्यांचा मारा अखेर कोणत्या तरी घन पृष्ठाला सोसावाच लागतो. फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या व भारताचा सहभाग असलेल्या 'ईटर' यंत्रात हे काम मुख्यतः डायव्हर्टर ह्या भागाकडे आहे.

लातूरच्या माळावर वैशाखातील मध्यान्हीचे ऊन दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट ऊर्जा आणते. डायव्हर्टरच्या पृष्ठावर हाच भार १० मेगावॅट, म्हणजे दहा हजारपट, असतो. अल्पकाळ तो २० मेगावॅटपर्यंतही जातो. ह्या स्थानी टंगस्टनची निवड झाली ती सकारण होय. त्याचा वितळबिंदू ३४२२° सेल्सिअस आहे, औष्णिक संवाहकता उत्तम आहे आणि कणांच्या माऱ्याने त्याचे अणू फारसे उडत नाहीत. २०२३ मध्ये 'ईटर'च्या आतील भिंतीसाठीही बेरिलियमऐवजी टंगस्टन वापरण्याचे ठरले.

ठिसूळपणाचे मूळ

असे असले तरी साधारणतः २०० ते ४०० अंशांखाली टंगस्टन ठिसूळ असते, आणि सुमारे १२०० ते १३०० अंशांपलीकडे पुनःस्फटिकीकरण होऊन त्याचे कण वाढतात व बळ घटते. भेग बहुधा कणसीमांवरून धावते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील जाड भिंतींचे जे झाले त्याच्याशी ह्याचे साम्य आहे. तेथे दगड मजबूत होते. त्यांना धरणारा मातीचा सांधा दुबळा होता. म्हणून नंतरच्या मजबुतीकरणात भिंतीचे दोन्ही थर सांधणारे बंध व पट्टे ह्यांवर भर देण्यात आला. टंगस्टनच्या बाबतीतही उपाय सांध्यांचाच आहे.

उपायांचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात लँथॅनम किंवा इट्रियम ह्यांची ऑक्साइडे अथवा टायटॅनियम कार्बाइड ह्यांचे अतिसूक्ष्म कण अल्प प्रमाणात मिसळतात. ते कणसीमांना जखडून ठेवतात आणि पुनःस्फटिकीकरण लांबणीवर पडते. दुसऱ्या प्रकारात टंगस्टनमध्येच टंगस्टनच्या तारा गुंफतात. विजेच्या दिव्यातील तारेप्रमाणे ओढून काढलेली तार सामान्य तापमानालाही चिवट असते. तिच्यावर ऑक्साइडचा पातळ लेप दिल्यास भेग तारेशी येऊन अडते, लेपावरून वळते, आणि तारा ताणल्या जाताना व उपसल्या जाताना तिची ऊर्जा खर्ची पडते. द्रव्य तडकते, पण एकदम दुभंगत नाही. तिसऱ्या प्रकारात सच्छिद्र टंगस्टनमध्ये तांबे मुरवतात. तांब्याचे औष्णिक प्रसरण टंगस्टनच्या जवळजवळ चौपट असल्याने दोहोंच्या जोडावर मोठा ताण येतो; हा मधला थर तो ताण सौम्य करतो. मात्र तांबे १०८५ अंशांना वितळत असल्याने तो शीतकाच्या बाजूसच ठेवावा लागतो.

बळाची किंमत

येथे खरा पेच उद्भवतो. प्रत्येक लेप, प्रत्येक परकी कणिका व प्रत्येक छिद्र उष्णतेच्या वाटेत अडथळा आणते. ६ मिलिमीटर जाडीच्या थरातून दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता वाहत असता, संवाहकता ११० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असल्यास थराच्या दोन बाजूंत सुमारे ५४५ अंशांचा फरक पडतो. संवाहकता ७० वर उतरली तर तोच फरक सुमारे ८५७ अंश होतो. शीतकाकडील बाजू ३०० अंशांवर धरल्यास पहिल्या स्थितीत दर्शनी पृष्ठ ८४५ अंशांवर राहते. दुसऱ्या स्थितीत ते ११५७ अंशांवर, म्हणजे पुनःस्फटिकीकरणाच्या उंबरठ्यावर, पोहोचते. शिवाय तापमानातील फरकाबरोबर औष्णिक प्रतिबलही वाढते. चिवटपणासाठी केलेला उपायच अशा रीतीने ठिसूळपणाला आमंत्रण देऊ शकतो.

न्यूट्रॉनांचा मारा ह्यात भर घालतो. त्याने टंगस्टनच्या काही अणूंचे ऱ्हेनियम व ऑस्मियम ह्यांत रूपांतर होते, स्फटिकजालात दोष साचतात, संवाहकता घटते व ठिसूळपणा वाढतो.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नमुन्याचे भंगबळ एका ठिकाणी आणि त्याची संवाहकता निराळ्या नमुन्यावर मोजून काढलेला निष्कर्ष अपुरा ठरतो. दोन्ही गुणधर्म एकाच नमुन्यावर, कार्यकारी तापमानाला आणि तापण्या-निवण्याच्या अनेक आवर्तनांनंतर मोजले गेले पाहिजेत. भंगबळ व संवाहकता ह्यांचा गुणाकार मोठा, आणि स्थितिस्थापकता-गुणांक व प्रसरणांक ह्यांचा गुणाकार लहान, असे द्रव्यच ह्या स्थानी टिकाव धरू शकेल.